दिवस एकशे शहाण्णव

१

सकाळी साडेनऊला प्रयोगशाळेत आल्या आल्या काकू आधी पाण्याचं भांडं कोमट करायला लावत, मग ट्रेमध्ये बर्फ भरत, आणि मग चहा घेत. अकरा वर्षं हा क्रम चुकला नव्हता. मधल्या काळात दोन साहेब बदलले, छत दोनदा गळलं, एकदा उंदीरघरातल्या एका पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं आणि सगळी मंडळी झेरॉक्सच्या खोलीत सापडली. पण काकूंचं पाणी, बर्फ आणि चहा आपल्या जागी होते.

काम सांगायला सोपं होतं. पोटात बाळाला पोसणारी वार कशी रुजते, कशी वाढते, हे बाईच्या बाबतीत उघडून बघता येत नाही. म्हणून उंदरीण. तिचे दिवस अवघे एकोणीस. ठरलेल्या दिवशी सर वार आणि पिल्लू वेगळं करून द्यायचे. काकू ते प्लास्टिकच्या चिमुकल्या कॅसेटमध्ये ठेवायच्या, मेणात बसवायच्या, आणि तो मेणाचा ब्लॉक यंत्रावर लावून त्याचे काप काढायच्या. काप इतके पातळ, की दोनशे एकावर एक ठेवावेत तेव्हा कुठं एक मिलिमीटर भरावा. ते पाण्यावर सोडायचे, काचेवर उचलायचे, रंगवायचे. काकूंच्या उजव्या अंगठ्यावर एक जुनी आडवी चीर होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी ब्लेडनं दिलेली ती सलामी. त्यानंतर ब्लेडनं काकूंच्या वाटेला जायचं धाडस केलं नाही.

शेजारच्या टेबलावर घाईबाई. तिचं खरं नाव हजेरीपटाला ठाऊक, बाकी कुणाला नाही. काकूंपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, मनानं सोनं, पण अंगात उसंत म्हणून नाही. कुणी रजेवर गेलं की त्याचं राहिलेलं काम ती न विचारता उरकून टाकायची. परत आल्यावर ट्रे रिकामा दिसला की समजायचं, घाईबाईचा हात फिरला. लोक तिला दुवा देत.

त्या सोमवारी काकू कॅसेटवर पेन्सिलनं नंबर घालत होत्या. पेन्सिलनं, कारण शाई औषधात धुऊन जाते, त्या खरखरीत प्लास्टिकवरची पेन्सिल कशानंही जात नाही. आईचा नंबर, दिवस, आणि एक किंवा दोन. एक म्हणजे वार, दोन म्हणजे तिचं पिल्लू. पिल्लाचा ब्लॉक सहसा कुणी मागत नसे, तो नुसता ठेवायचा.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. काकूंनी तो खांद्यात धरला.

"आई, आज किती झाले सांग."

"एकशे शहाण्णव," काकूंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं.

"बघ! उंदरीण असते तर एव्हाना दहा बाळंतपणं उरकली असती माझी."

"उंदरीण असतीस तर मला फोन करून डोकं खाल्लं नसतंस."

लेक हसली. तिचं हसणं ऐकलं की काकूंना बरं वाटे आणि भीतीही वाटे. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. दुसरं पाचव्यात. दुसऱ्या वेळी लेक आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि काकू तिच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या बसल्या होत्या. हे तिसरं अठ्ठावीस आठवड्यांवर पोचलं होतं. काकू महिने मोजत नव्हत्या, आठवडेही नाही. दिवस मोजत होत्या, कामावर मोजायच्या तसे.

फोन ठेवून त्यांनी कॅसेटकडे पाहिलं आणि स्वतःशीच हसल्या. दोन्ही कॅसेटवर, एकवर आणि दोनवर, 'दिवस' या खुणेपुढं त्यांनी १९६ लिहून ठेवलं होतं. एकशे शहाण्णवाव्या दिवसाची उंदरीण जगात झालेली नाही. पुसून जाणार नव्हतंच, म्हणून काकूंनी दोन्ही आकड्यांवर आडवी रेघ मारली आणि शेजारी १४ लिहिलं.

२

पुढच्या सोमवारी त्यांनी एक नंबरचा ब्लॉक यंत्रावर लावला. नव्या ब्लेडचं पाकीट अजून आलं नव्हतं आणि जुन्या ब्लेडला बारीक दात पडला होता. त्यामुळं प्रत्येक कापावर दोन उभ्या रेघा उमटत होत्या, एक ठळक आणि तिला लागून एक पुसट. सरांना एवढं चालत असे. काकूंनी वरवरचं मेण काढलं, चाळीस काप घेतले, रंगवले, आणि जेवणाआधी सवयीनं सूक्ष्मदर्शकाखाली सरकवले.

उंदराच्या वारेत जाळी असते. दाट, बारीक, चाळणीसारखी. माणसाच्या वारेत झाडं असतात. खोड, फांद्या, डहाळ्या, आणि भोवती रक्ताचं तळं. हा फरक शिकाऊ मुलालाही कळेल. काकू तर इथं येण्याआधी नऊ वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होत्या, आणि त्या नऊ वर्षांत त्यांनी बायकांच्या वारा इतक्या पाहिल्या होत्या की नुसत्या फांद्यांच्या जाडीवरून आठवडा सांगायच्या.

काचेवर झाडं होती.

काकूंनी डोळा बाजूला घेतला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. झाडं होती.

"घाईबाई, इकडे ये गं जरा. पाहुणा आलाय बहुतेक."

पाहुणा म्हणजे दुसऱ्याच नमुन्याचा भरकटलेला तुकडा. पाण्यावर आधीच्या कामातलं काही तरंगत राहतं आणि पुढच्याच्या काचेवर येऊन बसतं. सगळीकडे होतं हे.

घाईबाईनं डोकावल्यासारखं केलं. "असेल. पाणी बदला आणि पुढचे घ्या की. माणसाचं दिसतंय ना?"

"माणसाचं आहे."

"मग आलं कुठून?" असं म्हणून ती उत्तराची वाट न बघता निघूनही गेली.

तोच तर प्रश्न होता. या इमारतीत माणसाचा नखाएवढा तुकडाही कधी आला नव्हता. तसा नियमच होता. काकूंनी पाणी ओतलं, भांडं घासलं, चिमटे उकळले, आणि पुढचे दहा काप घेतले. पाहुणा असता तर एका काचेवर असता. इथं दहाच्या दहा काचांवर, त्याच जागी, तीच झाडं होती, आणि त्यांच्यावरून दोन उभ्या रेघा गेल्या होत्या. म्हणजे ते पाण्यातून आलं नव्हतं. ब्लॉकमध्येच होतं.

नऊ वर्षांची सवय आपोआप जागी झाली. फांद्यांची जाडी, त्यांचा फुटवा. एकोणतीस आठवडे, एखादा दिवस इकडे तिकडे.

आणि मग काकूंची नजर ब्लॉकला चिकटून राहणाऱ्या कॅसेटच्या कडेवर गेली. १९६ वरची रेघ जरा पुसट झाली होती. आकडा मात्र ठसठशीत होता.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

३

माणूस शहाणा असला की भुताखेतापेक्षा स्वतःच्या चुकीवर आधी विश्वास ठेवतो. काकू तर फारच शहाण्या. आपल्याच हातून काही अदलाबदल झाली असणार, असं धरून त्यांनी सगळी नोंदवही चाळली, उंदीरघरात जाऊन त्या आईचा पिंजरा पाहिला, सरांना आडून विचारलं. सरांनी ती वार स्वतःच्या हातानं काढली होती. "साबुदाण्याएवढी होती, काकू. का? काप नीट येत नाहीत का?"

"येतात," काकू म्हणाल्या.

खरं सांगायचं तर येत होते, आणि हीच पंचाईत होती. साबुदाण्याएवढी वार चारपाचशे कापांत संपायला हवी. गुरुवारपर्यंत काकूंनी सहाशे काढले आणि ब्लॉक हलायला तयार नव्हता. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी कुणालाच सांगितली नाही. सोमवारच्या काचेवरची झाडं आणि गुरुवारच्या काचेवरची झाडं सारखी नव्हती. गुरुवारची थोडी जास्त फुटली होती. तीन दिवसांची वाढ. मेणात बुडवलेल्या, औषधात मारलेल्या मांसाची वाढ.

'रंग जास्त चढला असेल,' काकूंनी स्वतःची समजूत घातली. समजूत घातली खरी, पण पटली नाही.

शुक्रवारी लेकीची तपासणी होती. काकू सोबत गेल्या. डॉक्टरीणबाई पडद्यावर बघत बघत एकदम गप्प झाल्या. मागच्या दोन्ही वेळी असंच झालं होतं.

"बाळ ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण वार एका बाजूनं पातळ वाटते. मागच्या शुक्रवारी अशी नव्हती. रक्तपुरवठा जरा कमी झालाय. पडून राहायचं, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा बघू."

"एका बाजूनं म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"काय सांगू. कडेनं कमी झाल्यासारखी. सरळ आहे ती कड." बाईंनी पडद्यावर बोट टेकवून सरळ रेघ ओढून दाखवली.

लेकीनं काकूंचा हात धरला. "आई, तुझा हात किती गार पडलाय गं."

काकूंनी उसनं अवसान आणून म्हटलं, "बर्फात काम करते ना दिवसभर."

४

दुसऱ्या आठवड्यात सोमवारी सरांनी ब्लॉक संपवून टाकायचा आग्रह धरला तेव्हा काकूंनी शंभर काप काढले. नको नको म्हणत काढले, आणि प्रत्येक वेळी यंत्राचं चाक फिरवताना मनात म्हणत राहिल्या, हा काय वेडेपणा. सातशे काप म्हणजे साडेतीन मिलिमीटर. उंदराची वार, मेणाचा ब्लॉक आणि आपली लेक यांचा एकमेकांशी संबंध काय?

दुपारी तीनला जावयाचा फोन आला. "आई, घाबरू नका. बाळाचं हलणं जरा कमी वाटलं म्हणून आम्ही इस्पितळात आलोय."

"कधीपासून कमी वाटतंय?"

"अकरा-साडेअकरापासून. आता पुन्हा हलतंय. तुम्ही काळजी करू नका."

अकराला काकू यंत्राशी बसल्या होत्या. पावणेबाराला उठल्या होत्या.

त्यानंतर त्यांनी एक नंबरचा ब्लॉक मऊ कागदात गुंडाळला, आपल्या ड्रॉवरच्या तळाशी ठेवला आणि कुलूप लावलं. सरांना सांगितलं, ब्लॉकला तडा गेला, कामातून गेला. अकरा वर्षांत काकू पहिल्यांदा खोटं बोलल्या. सरांचा विश्वासही बसला, त्याचं त्यांना जास्तच वाईट वाटलं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी कमी झालेली नाही. थांबलंय. छान."

त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. त्याच्याही पुढच्या. लेक आडवी पडून पुस्तकं वाचू लागली, जावई घर आवरू लागला, काकू रात्रीच्या झोपू लागल्या. रोज सकाळी पाणी, बर्फ, चहा, आणि ड्रॉवरचं कुलूप एकदा ओढून बघणं. वार वाचली की बाळ वाचलं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. डोळ्यांत तेल घालून त्या एकाच ब्लॉकवर पहारा देत होत्या.

दोन नंबर त्यांच्या ट्रेमध्ये होता. इतर बारा ब्लॉकच्या ओळीत, उघड्यावर.

५

दोनशे पंचेचाळीसाव्या दिवशी पहाटे लेकीला कळा सुरू झाल्या. सव्वानऊला बाळ झालं. मुलगा. लहानखुरा, पण रडला असा की बाहेर बाकावर बसलेला जावई उभा राहिला आणि तसाच उभ्यानं रडायला लागला. काकू आत होत्या, लेकीच्या उशाशी. त्यांना हसू येत होतं, रडू येत होतं, दोन्ही एकदम. एवढ्या दिवसांची छातीवरची धोंड उतरली होती.

"आई, आहे ना? सगळं आहे ना त्याला?" लेक विचारत होती.

"सगळं आहे. नाक तेवढं तुझ्या नवऱ्याचं आलंय. त्याला इलाज नाही."

लेक थकून हसली.

थोड्या वेळानं वार पडली. डॉक्टरीणबाईंनी ती स्टीलच्या ताटात घेतली, उलटीसुलटी केली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "काकू, तुम्ही या कामातल्या आहात ना? हे बघा जरा. मी असं कधी पाहिलं नाही."

वार भाकरीसारखी गोल असते. ही तीन बाजूंनी गोल होती. चौथ्या बाजूनं सपाट. फाटलेली नाही, तुटलेली नाही. सुरीनं वडी कापावी तशी एका दमात सपाट केलेली. कापलेली कड गुळगुळीत होती, चकाकत होती, आणि तिच्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

त्या कडेवर वरपासून खालपर्यंत दोन उभ्या रेघा होत्या. एक ठळक. तिला लागून एक पुसट.

हे आपल्या ब्लेडचं काम आहे, हे काकूंना सही ओळखावी तसं ओळखू आलं होतं. सातशे काप त्यांनी स्वतःच्या हातानं काढले होते, काचेवर चढवले होते, रंगवले होते, खोक्यात ओळीनं लावले होते. आठशे झाले असते तर? हजार झाले असते तर? सर म्हणाले तसं सगळा ब्लॉक संपवला असता तर?

"काय असेल?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही," काकू म्हणाल्या.

६

दहा वाजता बाळ पाळण्यात होतं, लेक झोपली होती. काकू भिंतीला टेकून स्वतःला समजावत होत्या, की संपलं. वाचलं. आता तो ब्लॉक घरी न्यायचा आणि कुठंतरी पुरून टाकायचा. तेवढ्यात फोन वाजला. घाईबाई.

"काकू, अभिनंदन! जावयांनी कळवलं सरांना. पेढे नंतर. तुम्ही तिकडचं बघा, इकडचं माझ्यावर सोडा. तुमचा ट्रे घेतलाय मी हातात."

"कुठला ट्रे?"

"तुमचाच. सरांना तुमच्या त्या उंदरिणीचं काहीतरी दाखवायचंय, परवा बैठक आहे. एक नंबर तर तुमचा तडकला. म्हटलं, दोन घेऊ. पिल्लू तर पिल्लू."

काकूंना आधी कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले, अर्थ पोचायला वेळ लागला. दोन्ही कॅसेट. त्यांनी एका दमात दोन्ही कॅसेटवर आकडा घातला होता.

"ब्लेडला लावलास?"

"लावला होता ना. वरचं मेण काढलं थोडं. मग एकदम पांढरं काहीतरी दिसलं, म्हणून थांबले. मऊ लागत होता हो ब्लॉक, म्हणून बर्फावर ठेवलाय. चांगला गार झाला की..."

पाळण्यापाशी नर्स वाकली होती. तिनं बाळाचं पाऊल हातात घेतलं, मग दुसरं. "अरे, हे एवढं गार का पडतंय? आत्ता तर गुंडाळलं होतं." तिनं आणखी एक पांघरूण ओढलं, तळवे चोळायला लागली. "आणि टाचेला हे काय लागलंय? बघा, सरळ रेघ खरचटलीय. पट्टीनं आखल्यासारखी."

बाळाचे ओठ निळसर दिसत होते.

"बर्फावरून उचल," काकू फोनमध्ये म्हणाल्या.

"अहो पण..."

"उचल! आत्ताच्या आत्ता उचल! हातात घे!"

अकरा वर्षांत काकू घाईबाईवर ओरडल्या नव्हत्या. पलीकडे स्टुलाचा आवाज झाला. "घेतला. घेतला हातात. काय झालं काकू?"

काकू बाळाकडे बघत होत्या. एक, दोन, तीन, चार. नर्सनं सुस्कारा सोडला. "आता येतंय ऊब. हां, आता बरं आहे. लबाड कुठला, घाबरवतो."

लेक झोपेत कूस बदलून परत शांत झाली.

"घाईबाई, ऐक," काकू म्हणाल्या. "तो खाली ठेवू नकोस. बर्फावर नको, ओव्हनपाशी नको, टेबलावर नको. दाबू नकोस. नुसता तळहातावर धर. मी येते."

"का पण?"

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. का विचारू नकोस."

७

प्रयोगशाळा टॅक्सीनं दहा मिनिटांवर होती. त्या दिवशी मधला रस्ता खणून ठेवलेला, म्हणून वीस लागली. घाईबाई यंत्रापाशी तळहात पुढं करून बसली होती, हलली नव्हती. आयुष्यात एवढा वेळ ती एका जागी बसली नसेल. काकूंनी ब्लॉक आपल्या हातात घेतला.

काकूंनी तो खिडकीपाशी नेला. भिंग लावलं. मेण दुधाळ होतं, पण कापलेल्या तोंडापाशी ते काचेसारखं स्वच्छ झालं होतं. आत, केसाएवढ्या अंतरावर, एक टाच होती. साबुदाण्याएवढीही नसेल. पण उंदराची टाच अशी नसते. त्या टाचेवरून एक सरळ रेघ गेली होती. तिच्यामागं, आणखी खोल, पाय पोटाशी घेऊन काहीतरी वळलेलं होतं. आणि काकूंना वाटलं, नक्की सांगता येणार नाही, उजेड हलला असेल, पण त्यांना वाटलं की त्यानं पाऊल आत ओढून घेतलं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

कुठं ठेवायचा हा? थंड नको. गरम तर नकोच. ड्रॉवरमध्ये? उद्या कुणी टेबल हलवलं तर? घरी? कपाटात? आणि किती दिवस? किती वर्षं? काकूंना एकही जागा सुचेना. म्हणून त्यांनी तो तसाच मुठीत धरला, कुणाशी काही न बोलता बाहेर आल्या आणि टॅक्सीत बसल्या. अंगाच्या उबेनं मेण वितळत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं त्याच कामात गेली होती.

अर्ध्या वाटेत लेकीचा फोन आला.

"आई, कुठं गेलीस तू? मी उठले तर तू नाहीस."

"येतेच आहे. बाळ कसंय?"

"मस्त आहे. गरम आहे छान. घाम आलाय त्याला उलट." मग लेक म्हणाली, "काही नाही गं, तू लगेच घाबरतेस म्हणून सांगत नव्हते. त्याच्या पाठीवर एक खूण उठलीय. मघाशी नव्हती. डॉक्टर म्हणतात जन्मखूण असेल, कधीकधी उशिरा दिसते."

"कसली खूण?"

"गंमतच आहे. अंगठा उमटल्यासारखी. बारीक बारीक रेघासुद्धा दिसतात. आणि मधून एक आडवी चीर आहे." लेक हसली. "आई? ऐकतेयस ना?"

काकूंनी मूठ उघडली. मेण वितळलं नव्हतं. मऊ पडलं होतं. त्याच्या पाठीवर त्यांचा अंगठा स्वच्छ उमटला होता, चिरेसकट.

त्यांना मूठ मिटवेना आणि हात उघडा ठेवण्याची हिंमत होईना. बोटं थरथरायला लागली. थरथरणाऱ्या तळहातावर तो एवढासा ब्लॉक हलत होता, आणि फोनमध्ये मागं कुठंतरी बाळ रडायला लागलं होतं.

पुढं खणलेला रस्ता सुरू होत होता. ड्रायव्हरनं आरशातून काकूंकडे पाहिलं, गिअर बदलला आणि आपुलकीनं म्हणाला, "घट्ट धरून बसा हं, बाई."